अहो, बसा

३ फेब्रुवारी

आत्या,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. निदान इकडे तरी. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. विषय तुझ्यावर आला की लगेच दूध उतू जातं, नाहीतर दारात कुणीतरी येतं. पत्र लिहिताना दूध उतू जात नाही, म्हणून लिहिते आहे.

काल तुमच्या फर्निचरच्या दुकानातल्या गल्ल्यावरच्या काकूंचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं ते असं. शनिवारी दुपारी गर्दी होती. तुझे पाय सुजले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोट्या दिवाणखान्यात हिरवी मखमली खुर्ची आहे, तिच्यात तू जरा टेकलीस. तेवढ्यात धाकटे मालक गिऱ्हाइकांना घेऊन आले आणि तुला म्हणाले, "ए, ऊठ. विकायची आहे ती." गिऱ्हाइकं हसली. तू उठलीस, खुर्चीच्या गादीवर पडलेला खळगा हाताने सारखा केलास आणि "सॉरी साहेब" म्हणालीस.

हे खरं आहे का? हो किंवा नाही एवढंच लिही. पुराण लावू नकोस.

रात्रभर डोक्यात तेच. त्या माणसाला मिसरूड फुटायच्या आधीपासून तू त्या मजल्यावर उभी आहेस. उभी! मी बी.ए. झाले तेव्हा तू पेढे वाटल्यासारखा माझा फोटो सगळ्या दुकानात वाटत फिरलीस, असं काकूच म्हणाल्या होत्या. घरातली पहिली पदवीधर म्हणून. त्या पदवीचा उपयोग काय, जर तुला कुणी "ए" म्हटलेलं मी इथे पुस्तकं वाचत ऐकून घ्यायचं असेल?

सध्या आम्हाला एम.ए.ला प्रबोधनयुग शिकवत आहेत. अडीचतीनशे वर्षांपूर्वी काही माणसांना सुचलं की राजाला देवाने नेमलेलं नसतं. आपणच त्याला डोक्यावर बसवलेलं असतं, तेव्हा उतरवणंही आपल्याच हातात आहे. वर्गात सगळ्यांनी हे वहीत उतरवून घेतलं. मी उतरवून घेतलं नाही. मी ते लक्षात ठेवलं आहे.

आत्या, मी शब्द देते. त्या माणसाच्या तोंडून मी तुला "अहो, बसा" वदवून घेईन. त्याच खुर्चीत, गिऱ्हाइकांच्या देखत. नाही वदवलं तर नावाची फौजदार नाही.

तुझी
फौजदार


११ फेब्रुवारी

चि. फौजदारास,

आशीर्वाद. चौकशीचं पत्र मिळालं. आरोपी सुखरूप आहे.

गल्ल्यावरच्या बाईला राईचा पर्वत करायला राईसुद्धा लागत नाही. दुकानात बसायची परवानगी असलेली ती एकटीच, त्यामुळे तिला सगळ्यांच्या उठण्याची फार काळजी. झालं होतं काय, तर मी टेकले, ते आले, मी उठले. त्यात "ए" म्हणाले असतील. "ए" म्हणजे काही शिवी नव्हे. घरातल्या माणसाला आपण ए म्हणतोच की. तो आपलेपणा असतो.

तुला ठाऊक नाही, धाकटे लहान असताना त्यांची आई त्यांना दुकानात सोडून बाजारात जायची. हे महाराज डिस्प्लेच्या कपाटात लपून बसायचे. मी दार उघडायचे आणि ओरडायचे, "अरे ए, ऊठ! विकायचं आहे ते कपाट!" की हे टुणकन बाहेर. आम्ही त्यांना कपाटराव म्हणायचो. पुढे शिकून आले आणि मोठ्या मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, आजपासून यांना सर म्हणायचं. आम्ही म्हणायला लागलो. जिभेला हाड नसतं, कशीही वळते.

आणि दिवाणखाना खोटा काय म्हणतेस? खोटा असला तरी माझ्या ताब्यातला आहे. पलंगाला चादर ताणून बसवते, उशा फुगवून ठेवते. कपाटातल्या पुस्तकांना नुसत्या पाठी आहेत, आत काही नाही. टीव्ही पुठ्ठ्याचा. नळ फिरतो पण पाणी येत नाही. खिडकीत आभाळ छापलेलं आहे, ते तेवढं कधी ढगाळत नाही. लोक येतात, त्या पलंगावर लोळतात, "आपल्याकडे पण असं हवं" म्हणतात आणि जातात. मग मी पुन्हा चादर ताणते. जिथे कुणी झोपत नाही ती अंथरुणं घालणं हा माझा धंदा. हसू नकोस. तुझी फी त्यातूनच झाली.

काल तर झाडूवालीला दोनदा सांगावं लागलं, "ए, पलंगाखालचं राहिलं बघ." माणसं कामच करत नाहीत हल्ली.

तू अभ्यास कर. सूड हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे.

तुझी
आत्या

ता. क. पाय बरे आहेत.


२० फेब्रुवारी

आत्या,

तू हो लिहिलं नाहीस आणि नाहीही लिहिलं नाहीस. म्हणजे हो.

"ए" हा आपलेपणा असेल तर तो दोन्ही बाजूंनी चालायला हवा. उद्या तू त्याला "ए" म्हणून बघ. आपलेपणाने. आणि मग मला कळव. जो शब्द वरून खाली येताना आपलेपणा असतो आणि खालून वर जाताना उर्मटपणा ठरतो, त्याला जिना म्हणतात आत्या, आपलेपणा नाही.

तुमच्या दुकानाची जाहिरात इथल्या रस्त्यावरही लागली आहे. "इथे प्रत्येक जण राजा!" मी तिच्याखाली उभी राहून बराच वेळ विचार केला. आधी मला वाटलं, यात वाईट काय? किंमत लिहिलेली चिठ्ठी सगळ्यांना तीच. जात विचारत नाहीत, बाप कोण विचारत नाहीत, हवा तेवढा वेळ पलंगावर लोळू देतात. त्या जुन्या विचारवंतांना जी समता हवी होती, ती यांनी दुकानातच मांडून ठेवली की! मग तुझा खळगा आठवला. एका राजाला खाली उतरवायला माणसांनी केवढं रक्त सांडलं. आणि या दुकानांनी काय केलं, तर प्रत्येकाला अर्ध्या तासापुरतं राजा करून टाकलं. राजे इतके झाले की त्यांच्यापुढे उभं राहायला माणसं कमी पडायला लागली. राजा म्हटला की कुणीतरी उभं हवंच. नाहीतर आपण बसलो आहोत हे त्याला कळणार कसं?

हे सगळं मी निबंधात लिहिलं. आमच्या बाईंनी तो परत केला. शेवटी शेरा : "राग उत्तम. पण त्याला तळटीप नाही."

तळटीप म्हणजे पानाच्या खाली लिहितात ना, अमुक गोष्ट कशावरून म्हणता त्याचा पुरावा, ती. बाईंना पुरावा हवा आहे. मिळेल.

मला एक सुचलं आहे. त्याच्याच दुकानाचा नियम त्याच्या गळ्यात घालायचा. जास्त विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझी
फौजदार


२७ फेब्रुवारी

चि. फौजदारास,

तुझं पत्र वाचलं. काही सुचलं असेल तर ते परत विसर. इकडे यायचं असेल तर घरी ये, दुकानाच्या बाजूला फिरकायचं नाही. तुला माझी शपथ.

इथे विषय संपला आहे. धाकट्यांनी तिसऱ्या मजल्यावर पाटी लावली, "प्रदर्शनातील आसनांवर कर्मचाऱ्यांपैकी कोणीही बसू नये. नियम सर्वांना समान." खाली त्यांची सही. म्हणजे माझ्या एकटीवर राग नाही. तुझी ती समता आली बघ एकदाची.

पोरं जरा चिडवतात, तेवढंच. मला "महाराणी" म्हणतात. महाराणी आल्या, महाराणींना वाट द्या. धाकटेही परवा म्हणाले, "काय महाराणी, आज सिंहासन नको का?" सगळे हसले, मीपण हसले. हसलं की लवकर संपतं.

जिना तो जिना, पण मला तो रोज चढायचा आहे. तुझ्या बाबांना यातलं काही कळवू नकोस. त्यांना लगेच धाप लागते.

नीट जेव.

आत्या


१४ मार्च

आदरणीय मॅडम,

आपण गेल्या आठवड्यात आमच्या दुकानाला भेट दिलीत, त्याबद्दल दुकान आपलं आभारी आहे. तिसऱ्या मजल्याच्या वतीने हे पत्र मी लिहीत आहे. आपणासारख्यांच्या हातात आमचं अक्षर पडणं योग्य नव्हे, तरी चूकभूल माफ असावी.

आपला कोट सुंदर होता. खांद्यात थोडा सैल वाटला. आपल्या मैत्रिणीचा असावा. सोबत त्याही होत्या, डॉक्टरांच्या कन्या असाव्यात, आपण पूर्वी आपल्या आत्याला त्यांच्याबद्दल लिहिलं होतं म्हणे.

आपण हिरव्या खुर्चीपाशी आलात. धाकटे मालक धावत आले. आपला तो पदवीचा फोटो दुकानात फिरला तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती, त्यामुळे ओळखलं नाही. म्हणाले, "अहो, बसा ना मॅडम! आरामात बसा." आपण बसलात. पायावर पाय टाकलात. मग आपण त्यांना म्हणालात, "अरे, पाणी आण." मी पलंगाशी उभी होते, माझ्या हातातली उशी खाली पडली. मला वाटलं, आता काय होतं. काही झालं नाही. त्यांनी स्वतः पाणी आणलं. आपण म्हणालात, "एवढा वेळ का लावलास रे?" ते म्हणाले, "सॉरी मॅडम," आणि गालिचा दाखवायला लागले. आपला चेहरा पडला. आपण मारायला दगड उचलला होतात आणि तो दगड समोरच्याने "वा, छान" म्हणून खिशात टाकला, असं काहीसं.

मग आपण माझ्याकडे बोट दाखवलंत. आपण म्हणालात, "या बाई केव्हाच्या उभ्या आहेत. यांना बसायला सांग. या खुर्चीत." आणि आपण उठून उभ्या राहिलात.

तेव्हा मला सगळं कळलं, मॅडम. आपल्या आत्याला आपण दिलेला शब्द मला ठाऊक आहे. आपण त्यांच्या तोंडाकडे पाहत होतात. मीही पाहत होते. खोटं कशाला बोलू.

ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ए महाराणी, बस गं. मॅडम सांगतायत ना? बस!"

मी बसले. मजल्यावरची गिऱ्हाइकं बघत होती. कुणीतरी म्हणालं, "किती मोठं मन आहे त्या मुलीचं." आपण तेव्हा खाली पाहिलंत. "ही माझी आत्या आहे" हे तीन-चार शब्द आहेत. पुस्तकात याहून अवघड वाक्यं असतात. मी वाट पाहिली. मग ते म्हणाले, "झालं? ऊठ आता." मी उठले. दीड महिन्यात दोनदा उठवलं गेलं मला त्या खुर्चीतून. दुसऱ्या वेळी आधी बसवून.

आपण काही न घेता गेलात. आपल्यामागे दिवाणखाना आवरायचा होता. आपण टेकलेल्या उशा मी झटकल्या. खुर्चीच्या गादीवर आपला खळगा पडला होता, तो मी हाताने सारखा केला. अजून गरम होता.

पुन्हा यावं. इथे प्रत्येक जण राजा.

आपली नम्र,
तिसरा मजला


१८ मार्च

आत्या,

मला मॅडम म्हणू नकोस. आपण म्हणू नकोस. तुझ्या हातचं "आपण" वाचलं आणि पाकीट उलटून पत्ता पुन्हा पाहिला, माझाच आहे का. मारलं असतंस तरी चाललं असतं. त्या माणसाच्या "ए" चा घाव मला ऐकून माहीत होता. तुझ्या "आपण" चा आता अंगावर माहीत झाला.

मी का बोलले नाही ते लिहिते. मला पटकन वाटलं, आता ओळख सांगितली तर तुझी नोकरी जाईल. हे खरं आहे. पण सगळं खरं नाही. तो "अहो, बसा ना" म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं, आत्या. तेवढ्या एका क्षणात मी तुझ्या घरची नव्हते. मी खरंच कोटातली बाई होते. आणि ती कोटातली बाई "ही माझी आत्या आहे" म्हणायला कचरली. आता तो कोट मैत्रिणीला परत केला आहे. ती म्हणाली, "मजा आली ना?"

मला वाटलं होतं अरेला कारे करायचं. तो तुला "ए" म्हणाला, मी त्याला "अरे" म्हणणार, फिट्टंफाट. पण त्याला माझं "अरे" लागलंच नाही. कसं लागेल? तो अपमान झेलत नव्हता, गालिचा विकत होता. गिऱ्हाइकाचं "अरे" म्हणजे त्याच्या दृष्टीने हवामान. जो माणूस विकायला उभा आहे त्याला शिवीसुद्धा चालते. फक्त जी खालून येते ती चालत नाही. मला हे आधी कळायला हवं होतं, मी त्यावर निबंध लिहिला होता!

पण माझा राग गेलेला नाही. तो उलट दुप्पट झाला आहे. त्याने "बस" हा शब्दसुद्धा नासवला. आता मला त्याची माफी नको, त्याचं "अहो" नको. त्याला सगळ्यांदेखत उठलेला बघायचं आहे. मी वर्तमानपत्राला लिहू का? मोठ्या मालकांना लिहू का? यावेळी तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही.

आणि एक लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहिते. तू चिडली आहेसच, थोडी आणखी चीड. तू त्या झाडूवालीला "ए" म्हणतेस. तुझ्याच पत्रात आहे. "ए, पलंगाखालचं राहिलं." जिना तुझ्यापाशी संपत नाही, आत्या. तुझ्याखालीही एक पायरी आहे आणि तू तिच्यावर पाय देऊन उभी आहेस. मी तुझ्या खांद्यावर उभी राहून मॅडम झाले, तसंच.

उत्तर लिही.

तुझी
(फौजदार म्हणवून घ्यायची लाज वाटते)


२ एप्रिल

आत्या,

उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. बाबा म्हणतात, "तिला वेळ नाही, दुकानात काहीतरी मोठा कार्यक्रम आहे." झाडूवालीचं लिहायला नको होतं का? शिव्या दे. वाटेल तेवढ्या दे. फक्त "तू" म्हणून दे.


९ एप्रिल

चि. फौजदारास,

तू. तू, तू, तू. झालं समाधान? गधडे.

झाडूवालीची ओळ वाचली तेव्हा पत्र चुलीत घालणार होते. मला म्हणते पायरी! दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "अहो, जरा इथलं पुसता का?" ती मागे वळून बघायला लागली कोण आलंय ते. मग मला म्हणाली, "बाई, माझं काही चुकलं का? कामावरून काढणार आहेत का मला?" तिची समजूत घालायला अर्धा तास गेला. "अहो" म्हटलं की माणूस घाबरतो, हे तुझ्या पुस्तकात नसेल. आता सवय झाली आहे तिला. मग एकदा तर तिने मलाच सांगितलं, "अहो, पाय उचला, ओलं आहे."

उत्तर लिहिलं नाही, कारण तुला विचारून करण्यासारखी गोष्ट नव्हती. तू मला विचारून केलीस का? आता ऐक.

सोमवारी दुकानात फोटो काढायचे होते, नव्या जाहिरातीचे. तोच तो कार्यक्रम. तिसऱ्या मजल्यावर दिवे लावले, छायाचित्रकार आला, मोठे मालक आले, गिऱ्हाइकांना बाजूला उभं राहून बघू दिलं. गल्ला बंद ठेवून काकूसुद्धा वर आल्या. सगळं दुकान भिंतीला टेकून उभं. धाकट्यांचा फोटो मधोमध. नवा सूट. छायाचित्रकार म्हणाला, "सर, त्या हिरव्या खुर्चीत बसा, राजासारखे." बसले. पायावर पाय. बरोबर डोक्यावर त्यांचीच पाटी, "कर्मचाऱ्यांपैकी कोणीही बसू नये. नियम सर्वांना समान," खाली त्यांचीच सही. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाटी वाचतं कोण?

मी पलंगाची चादर ताणत होते. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "ए महाराणी, फोटोत येतेयस. सरक तिकडे." पोरं हसली.

मी चादर सोडली. काही ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ. खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले. आणि तोंडातून आवाज आला तो माझा आत्ताचा नव्हता, खूप जुना होता.

"अरे ए! ऊठ! विकायची आहे ती!"

आणि फौजदार, तो उठला.

विचार करून नाही उठला. टुणकन उठला, कपाटातून उठायचा तसाच. हातसुद्धा तसेच मागे बांधले. आणि म्हणाला, "सॉरी मावशी." मग त्याला कळलं की त्याचं वय काय आहे आणि अंगावर सूट आहे. तोंड असं झालं की बघवेना. मी बघितलं. पोटभर बघितलं. तुझ्यासाठीही थोडं बघितलं.

आधी काकूंना हसू फुटलं. मग गिऱ्हाइकांना. छायाचित्रकाराने तेवढ्यात फोटो काढलाही होता, त्याला काय माहीत. मोठे मालक पाटीकडे बघत होते. बहुधा पहिल्यांदाच वाचत होते.

मी गादीवरचा खळगा सारखा केला नाही. त्याच खळग्यात बसले. आरामात बसले. इतकी वर्षं त्या खुर्चीची धूळ झटकली, पण ती इतकी मऊ आहे हे पहिल्या वेळी टेकले तेव्हा भीतीपोटी कळलंच नव्हतं. कुणी ऊठ म्हणालं नाही. म्हणणार कोण? म्हणणारा उभा होता. दिवे माझ्यावर, छापलेलं आभाळ माझ्या पाठीशी. जेवढं बसावंसं वाटलं तेवढं बसले आणि माझी मी उठले. तेव्हाही खळगा तसाच ठेवला. झाडूवाल्या बाई ते बघत होत्या. त्यांना म्हटलं, "राहू द्या हो तो."

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं. दार उघडं होतं, बाहेर सगळे कान टवकारून. धाकटे टेबलामागे उभे होते. समोर कागद. माझ्याकडे न बघता खुर्चीकडे हात केला.

म्हणाले, "अहो... बसा."

खरंच म्हणाले. तुझी शपथ खरी झाली, पोरी. एखाद्याला काढून टाकायचं तर आधी त्याला मोठं करावं लागतं, तसं काहीसं असेल.

मी दारातच थांबले. म्हटलं, "नको रे. आत्ताच बसून आले."

मग ते म्हणाले, उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुम्ही! सगळं वाक्य अगदी अदबीचं. मी जिना उतरले. उतरताना प्रत्येक मजल्यावर माणसं बाजूला झाली. महाराणींना वाट द्या, असं कुणी म्हणालं नाही, पण वाट मात्र दिली.

तर अशी मी आता घरी बसले आहे. लोक म्हणतील, म्हातारीची नोकरी गेली आणि घरी बसली. बसली तर बसली. थोडे दिवस पाय वर घेते, मग असं काम शोधते ज्यात बसावंच लागतं. गल्ल्यावरच्या काकू म्हणतात, कळवते. तू मात्र एम.ए. पूर्ण करायचं. काळजी करून अर्धवट सोडून आलीस तर दारात उभी करीन.

आणि सुट्टीत येशील तेव्हा स्वतःच्या कपड्यांत ये.

तुझी
आत्या

ता. क. तो फोटो काकूंनी छायाचित्रकाराकडून मिळवला. सोबत पाठवते. हात मागे बांधून उभा आहे तो धाकटा. मागे वाकून हसते आहे ती झाडूवाली, तिचं नाव लिहिलं असतं, पण ती म्हणाली, "नको, मला अजून तिथे जायचं आहे." तुझ्या बाईंना तळटीप हवी होती ना, ही पानाखाली चिकटव. आणि त्यांना सांग, राग तेवढाच ठेवलाय, कमी केलेला नाही.